विनाअनुदानित महाविद्यालयं, शुल्क प्रतिपूर्ती आणि शिक्षकाचा पगार

प्रश्न : महाराष्ट्रात 1983 पासून उच्च शिक्षण बाजाराच्या हाती दिलं गेलं, असं आम्ही वाचत आलो. मी एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. शुल्क वाढतंय, काही शाखांचे वर्ग ओस पडलेत, आमचे पगार थकलेत. स्पर्धा असेल तर दर्जा सुधारायला हवा होता ना? मग धोरणच चुकलं की ते राबवणं चुकलं? आणि धाकट्या भावाला यंदा अभियांत्रिकीला घालायचंय, तर महाविद्यालय निवडताना काय पाहावं?

उत्तर :

मॅडम, तुम्ही विचारता त्या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. आधी अनुदानित महाविद्यालयात अधिव्याख्याता होतो, नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात विभागप्रमुख आणि पुढे प्राचार्य. शुल्काचे प्रस्ताव मी तयार केले, संलग्नतेच्या समित्यांना सामोरा गेलो आणि काही समित्यांवर स्वतःही बसलो. त्यामुळे माझं मत आधीच सांगतो. 1983 मध्ये खासगी संस्थांना परवानगी दिली हे चुकलं नाही. परवानगी देताना शिक्षकाच्या पगाराचा पैसा कुठून आणि कोणत्या खात्यातून येणार हे मोकळं सोडलं, ते चुकलं. पुढे एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेने, वेतनश्रेण्या अनिवार्य केल्या, न्यायालयांनीही वेळोवेळी शिक्षकांच्या बाजूने आदेश दिले. पण पैशाच्या व्यवहारातलं ते भोक आजही तसंच आहे. तुमचा थकलेला पगार, भरमसाट शुल्क आणि रिकामे वर्ग या तिन्ही गोष्टी मला त्या एका भोकाशी जोडलेल्या दिसतात.

1983 पूर्वीची स्थिती आठवा. राज्यात अभियांत्रिकीची पदवी देणारी महाविद्यालयं मोजकी होती. पुण्याचं सीओईपी 1854 चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, सांगलीचं वालचंद 1947 चं. कराड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती इथली महाविद्यालयं 1960 पासूनच्या चार-पाच वर्षांत आली. बारावीला बरे गुण असूनही या जागांत न बसणारा मुलगा एक तर बीएस्सीला जायचा, नाही तर घरी जमीनजुमला असेल तर कर्नाटकात. मणिपालला 1953 पासून खासगी वैद्यकीय महाविद्यालय होतं, आणि पुढे कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी शुल्कावर वेगळी देणगी, घेऊन प्रवेश देणारी महाविद्यालयं तिकडे उभी राहिली होती. सोलापूर-कोल्हापूर-सांगलीकडचा पैसा सीमेपलीकडे जात होता. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने तेव्हा ठरवलं की इथेच संस्था काढू द्यायच्या, सरकार अनुदान देणार नाही, संस्थेने खर्च शुल्कातून भागवायचा. लोणीचं प्रवरा, कोल्हापूरचं केआयटी, पुण्याचं एमआयटी ही त्याच वर्षाची महाविद्यालयं. सहकारातल्या नेतृत्वाकडे जमीन होती, कारखान्याची यंत्रणा होती, मंत्रालयात वजन होतं. त्यामुळे साखरपट्ट्यात ही वाढ झपाट्याने झाली, मराठवाडा-विदर्भात जरा उशिरा.

स्वतः फार शिकता न आलेल्या मुख्यमंत्र्याने घेतलेल्या त्या निर्णयाचं चांगलं फळ मी वर्गात उभा राहून पाहिलं आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी मुलांना घरची माहिती विचारायचो. कोरडवाहू शेतकरी, एसटीतले वाहक, ऊसतोड मुकादम, झेडपीचे शिक्षक, अशा घरांतली मुलं असायची. बहुतेकांच्या घराण्यात इंजिनिअर शब्दाशी संबंध आलेला हा पहिलाच माणूस. हिंजवडी आणि मगरपट्ट्यातल्या कंपन्यांत, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत पुढे जी मराठी मुलं दिसली, त्यातली फार मोठी संख्या या विनाअनुदानित महाविद्यालयांतून आली. सरकारने स्वतः महाविद्यालयं काढेपर्यंत थांबलो असतो तर या मुलांच्या दोन पिढ्या गेल्या असत्या. म्हणून ‘सगळा धंदा झाला’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही.

पण पैसा कसा गोळा करायचा याचे नियम मागाहून आले, आणि तेही न्यायालयांतून. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा राज्याचा कायदा 1987 चा. मोहिनी जैन खटल्यात 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्याने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी योजना घालून दिली, म्हणजे एका बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाने दुसऱ्याचा खर्च उचलायचा. 2002 मध्ये टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द केली आणि खासगी संस्थेला आपलं शुल्क ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2003 च्या इस्लामिक ॲकॅडमी निकालाने त्यावर प्रवेश आणि शुल्क तपासणाऱ्या समित्या बसवल्या. 2005 मध्ये इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या, आपल्या पुण्यातून गेलेल्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की नफेखोरी चालणार नाही, संस्थेच्या वाढीपुरती वाजवी शिल्लक चालेल. त्याच निकालाने विनाअनुदानित संस्थांत सरकारी आरक्षण लागू होत नाही असं म्हटल्यावर संसदेने अशा आरक्षणाला वाट करून देणारी 93 वी घटनादुरुस्ती केली. या सगळ्याचा निचोड म्हणून राज्याचा 2015 चा प्रवेश व शुल्क नियमन कायदा आला, आणि पूर्वीच्या शिक्षण शुल्क समितीच्या जागी शुल्क नियामक प्राधिकरण.

आता शुल्क प्रत्यक्षात कसं ठरतं ते बघा. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

महाविद्यालय मागच्या वर्षाचे लेखापरीक्षण झालेले हिशेब प्राधिकरणाला देतं. त्यात पगाराचा खर्च एका बाजूला आणि पगारेतर खर्च दुसऱ्या बाजूला. त्यावर घसारा (इमारती-यंत्रांची झीज), महागाईची थोडी वाढ आणि विकासासाठीची रक्कम धरतात. बेरजेला विद्यार्थिसंख्येने भागतात. आलेला आकडा म्हणजे एका मुलाचं शुल्क. कोणत्याही व्यापारी गल्लीत किंमत ठरते ती विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या घासाघिशीतून, शेजारच्या दुकानाकडे बघून. इथे ती ठरते ताळेबंदातून. ज्याचा खर्च जास्त, त्याला शुल्क जास्त. काटकसर करून उत्तम शिकवणाऱ्या संस्थेला या पद्धतीत बक्षीस नाही. तिचं शुल्क उलट कमी होतं. चाळीस वर्षं आपण याला बाजार म्हणत आलो, पण बाजाराची जी एकमेव चांगली गोष्ट, चांगल्या कामाला चांगला मोबदला, तीच यात बसवलेली नाही.

यातून पगाराचं काय होतं? पगार हा हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा. तो जितका मोठा दाखवता येईल तितकं शुल्क वर जातं. म्हणून काही ठिकाणी कागदावर पूर्ण वेतनश्रेणी असते. रक्कम शिक्षकाच्या खात्यात जमाही होते, आणि मग ठरलेला भाग त्याला रोख परत करावा लागतो. अशी तक्रार घेऊन आलेले तरुण शिक्षक माझ्यासमोर बसून रडले आहेत. ती मुलं प्राध्यापकपदासाठीच्या नेट-सेट परीक्षा पास, पीएच.डी. झालेली होती. तक्रार करायला तयार होत नव्हती, कारण पुढच्या मुलाखतीला तीच माणसं दुसऱ्या संस्थेच्या टेबलापलीकडे बसलेली असणार. दुसरीकडे, जी संस्था खरोखर कमी पगार देते आणि तेवढाच दाखवते, तिचं शुल्क कमी मंजूर होतं, मग पुढच्या वर्षी पगारवाढीला पैसाच उरत नाही. म्हणजे प्रामाणिक संस्था कमी पगाराच्या फेऱ्यात अडकते आणि अप्रामाणिक संस्थेला जास्त शुल्क मिळतं. दोन्हीकडे तोटा शिक्षकाचाच.

पगारेतर खर्चाचीही अशीच कथा आहे. कायद्याने संस्था धर्मादाय, नफा काढायला बंदी. पण बस पुरवणारी, मेस चालवणारी, बांधकाम करणारी मंडळी कोण असतात हे कॅम्पसवर सगळ्यांना ठाऊक असतं. हा रोग फक्त आपला नाही. चिलीमध्ये लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत 1981 साली उच्च शिक्षण खासगी विद्यापीठांना खुलं केलं. कायद्याने तीही विनानफा. पण संस्थापकांनी स्वतःच्या जमीन-इमारतींच्या कंपन्या काढल्या आणि विद्यापीठाकडून भाडं घेतलं. 2011 मध्ये तिथले विद्यार्थी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले ते याच नफ्याविरुद्ध आणि शिक्षणकर्जाच्या ओझ्याविरुद्ध. 2016 पासून तिथल्या सरकारने गरीब निम्म्या लोकसंख्येतल्या मुलांचं शुल्क स्वतः भरायला सुरुवात केली. युगांडातल्या मेकरेरे विद्यापीठाने 1992 पासून शुल्क भरणारे विद्यार्थी घेतले, संध्याकाळचे वर्ग काढले. पैसा आला, इमारतींना रंग लागला, पण मागणी असलेल्या अभ्यासक्रमांत वर्ग फुगले आणि मूलभूत विज्ञानासारखे विषय मागे पडले. आपल्याकडची 2020 नंतरची परिस्थिती याहून फार वेगळी नाही.

चिलीचं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण शुल्क सरकारने भरण्याचा मार्ग आपण त्यांच्या आधीच धरला होता. सरकारने उच्च शिक्षणातून पैसा काढून घेतला असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप (शुल्कमाफी). भटक्या-विमुक्तांच्या आणि ओबीसी मुलांना शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे मुलाचं शुल्क सरकार भरून देतं. खुल्या वर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. ग्रामीण भागातल्या एखाद्या ‘विनाअनुदानित’ महाविद्यालयाची जमेची बाजू काढून बघा. शुल्काचा फार मोठा भाग समाजकल्याण, बहुजन कल्याण आणि तंत्रशिक्षण या खात्यांकडून आलेला दिसेल.

या योजना रद्द करा असं मी कधीही म्हणणार नाही. मुलींची शुल्कमाफी हा मला या राज्याने गेल्या काही वर्षांत घेतलेल्या सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो. बारावीनंतर लग्न की शिक्षण, या घरातल्या भांडणात त्या निर्णयाने मुलीच्या बाजूने वजन टाकलं. माझा आक्षेप पैसा कोणत्या वाटेने जातो यावर आहे. अनुदानित पद्धतीत सरकारचा पैसा शिक्षकाच्या पगारावर येत होता. पद मंजूर, नेमणूक विद्यापीठाने मान्य केलेली, पगारपत्रक सहसंचालकांच्या कार्यालयातून तपासलेलं. प्रतिपूर्तीच्या पद्धतीत तोच सरकारी पैसा प्रवेश घेतलेल्या डोक्यावर येतो. मूल दाखल झालं, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज मंजूर झाला, की संस्थेचा हक्क तयार. त्याला शिकवायला माणूस होता का, त्या माणसाला पगार मिळाला का, हे पैसे सोडताना कुणी विचारत नाही.

शिवाय तो पैसा वेळेवर येत नाही. वर्ष संपून जातं तरी हप्ता अडकलेला असतो. 2021-22 पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, आणि मग महाविद्यालयाचा कारकून आणि मुलाचे वडील यांच्यात वसुलीचा वाद सुरू होतो. त्या मधल्या महिन्यांत प्राचार्यासमोर बिलांची रांग लागलेली असते. वीजबिल थकलं तर कनेक्शन तुटतं. बँकेचा हप्ता थकला तर नोटीस येते. विद्यापीठाचं संलग्नता शुल्क थकलं तर परीक्षा अर्ज अडतात. शिक्षकाचा पगार थकला तर दुसऱ्या दिवशीही शिक्षक वर्गावर येतो. म्हणून पहिल्यांदा थांबतो तो पगार. मी प्राचार्य असताना ही निवड कधी करावी लागू नये असं प्रत्येक वर्षी वाटायचं आणि प्रत्येक वर्षी ती करावी लागायची. हे लिहिताना मला त्या सहकाऱ्यांचे चेहरे आठवतात. संसार असलेली माणसं होती ती.

स्पर्धेने दर्जा का सुधारला नाही, याचं उत्तर तुम्हाला तुमच्या मे ते ऑगस्टच्या वेळापत्रकात सापडेल. स्पर्धा आहेच, आणि तीव्र आहे. पण ती प्रवेशाची आहे, शिकवण्याची नाही. प्रत्येक शिक्षकाला प्रवेशांचं टार्गेट. थर्मोडायनॅमिक्स शिकवणारा माणूस तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन बारावीच्या मुलांचे मोबाइल नंबर गोळा करतो, पालकांच्या घरी जातो, कॅपचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, ऑप्शन फॉर्म भरून देतो. नव्या सत्राची तयारी करायचे, पेपर लिहायचे, प्रयोगशाळा लावायचे ते महिने असतात. पालकाला बाहेरून दिसतं काय? इमारत, बस, प्लेसमेंटचे फ्लेक्स आणि शाखेचं नाव. शिकवणं कसं आहे हे मुलाला दुसऱ्या वर्षात कळतं, आणि तोवर परत फिरण्याची सोय राहिलेली नसते. कपड्याचं दुकान आवडलं नाही तर पुढच्या दिवाळीला दुसरीकडे जाता येतं. पदवी माणूस आयुष्यात एकदाच घेतो.

म्हणून संस्था जे दिसतं त्यावर खर्च करतात. शाखांची नावं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. देशभरातल्या पदविका, पदवी, पदव्युत्तर मिळून अभियांत्रिकीच्या जागा 2014-15 मध्ये एकतीस लाखांच्या वर गेल्या होत्या, त्या 2021-22 पर्यंत तेवीस लाखांच्या आसपास उतरल्या. एआयसीटीईने 2020 पासून काही काळ नव्या महाविद्यालयांना परवानगी थांबवली होती. त्यानंतर 2024-25 पासून एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. परिणाम तुम्ही पाहताच आहात. स्थापत्य आणि यांत्रिकीचे वर्ग ओस, आणि कॉम्प्युटर, एआय-डेटा सायन्सच्या तुकड्यांवर तुकड्या. त्या नव्या तुकड्यांना शिकवतं कोण? कित्येक ठिकाणी कालपर्यंत मशीन डिझाइन शिकवणारेच शिक्षक, सुट्टीतला एखादा ऑनलाइन कोर्स करून. त्यांना मी दोष देत नाही. नोकरी टिकवायची तर दुसरा पर्याय नव्हता. त्यातच एआयसीटीईने 2018 मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण 1:15 वरून 1:20 केलं. कागदावर तो एक आकडा बदलला. प्रत्यक्षात दर चार शिक्षकांमागे एक जास्तीचा ठरला आणि पुष्कळ तरुणांना जूनमध्ये ‘उद्यापासून येऊ नका’ असं ऐकावं लागलं.

मूल्यांकनाने ही माहितीची दरी भरून निघेल अशी अपेक्षा होती. महाविद्यालयांना श्रेणी देणारी नॅक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणारी एनबीए या दोन्ही संस्था 1994 पासून आहेत आणि त्यांच्यामुळे महाविद्यालयांना निदान कागदपत्रांची शिस्त लागली, हे मी मान्य करतो. पण श्रेणीवर प्रवेश आणि शुल्क अवलंबून राहायला लागल्यावर श्रेणीच विकत घेण्याचा मोह तयार झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या एका पाहणी समितीतल्या सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. आम्हा लोकांना त्या बातमीने दुःख झालं, धक्का मात्र बसला नाही.

दिल्लीतल्या धोरणाबद्दल थोडक्यात सांगतो. 1997 मध्ये अर्थ मंत्रालयाच्या सबसिडीवरच्या दस्तऐवजाने उच्च शिक्षणाला सार्वजनिक पैशावर फारसा हक्क नसलेल्या सेवांच्या गटात टाकलं. 2000 मध्ये उद्योगपतींनी सरकारला दिलेल्या बिर्ला-अंबानी अहवालाने शिकणाऱ्यानेच खर्च उचलावा, हवं तर कर्ज काढावं, असं सुचवलं. 2001 मध्ये बँकांची आदर्श शिक्षणकर्ज योजना आली. 2017 पासून केंद्रीय संस्थांना इमारती-उपकरणांसाठी ‘हेफा’ या सरकारी वित्तसंस्थेमार्फत कर्ज दिलं जाऊ लागलं. या विचाराचे समर्थक एक युक्तिवाद नेहमी करतात की गरिबांच्या करातून श्रीमंतांच्या मुलांचं महाविद्यालय का चालवायचं? हा प्रश्न खोटा नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं की रयतेकडून वसूल झालेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. पण त्यांनी मागितलं काय, तर तो पैसा शेतकऱ्याच्या मुलाच्या शाळेवर खर्च करा. शेतकऱ्याच्या मुलाने कर्ज काढून शिकावं, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. फुल्यांच्या तक्रारीचा पहिला भाग उचलायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, ही पद्धत मला मान्य नाही.

अनुदानित बाजूही आता सुरक्षित राहिलेली नाही. तिथे धोरण न बदलता, फक्त निवृत्तांच्या जागा न भरून, तीच गोष्ट साधली गेली. मराठी, इतिहास, भौतिकशास्त्राचे विभाग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, शिक्षकांच्या खांद्यावर चालतात. वर्षातले काही महिने मानधन, तेही उशिरा, सुट्टीत काहीच नाही. आणि जिथे कायम जागा निघते तिथे लाखांची बोली लागते, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही नेट-सेटधारकाला विचारा. सरकारने पगार देणं पुरेसं नाही, नेमणूकही स्वच्छ हवी. म्हणून ‘सगळं पुन्हा अनुदानित करा’ या मागणीला मी अर्धाच होकार देतो.

मग करता काय येईल? मोठं आयोगबियोग न नेमता होण्यासारखी एक गोष्ट आहे. शुल्क नियामक प्राधिकरणाकडे प्रत्येक महाविद्यालयाच्या शुल्कातला पगाराचा वाटा आधीच वेगळा काढलेला असतो. सरकारने प्रतिपूर्तीची रक्कम सोडताना तेवढा वाटा संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात न टाकता वेगळ्या वेतन खात्यात टाकावा, आणि त्या खात्यातून फक्त विद्यापीठाने मान्यता दिलेल्या शिक्षकांच्या आणि मंजूर कर्मचाऱ्यांच्या खात्यातच पैसे जाऊ शकतील असं बंधन घालावं. सरकारचा हप्ता उशिरा आला तर त्यावर व्याज सरकारने द्यावं. यासाठी नवा पैसा फारसा लागत नाही. आज जो जातोच आहे, त्याला योग्य पत्ता द्यायचा आहे. रोख परतफेडीची सक्ती यामुळे पूर्ण थांबणार नाही, पण निदान पगार पहिल्यांदा थांबतो हा क्रम उलटेल.

संस्थाचालक म्हणतील की हा स्वायत्ततेवर घाला आहे, पै निकालाने आम्हाला हक्क दिला आहे. त्यांना माझं उत्तर असं की ही अट तुमच्या पैशाला नाही, सरकारी तिजोरीतून येणाऱ्या पैशाला आहे. ज्यांना ती नको त्यांनी प्रतिपूर्तीशिवाय चालवून दाखवावं. माझ्या ओळखीचे काही चांगले संस्थाचालक, आणि ते आहेत, खासगीत या कल्पनेला पाठिंबा देतात, कारण पगार देऊनही शुल्कात मागे पडण्याचा अन्याय त्यांनी सोसला आहे.

दुसरी गोष्ट जास्त खर्चाची आहे, पण तिच्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक विभागात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा वाढवायला हव्यात आणि त्यांच्या रिक्त जागा भरायला हव्यात. शेजारी चांगलं सरकारी महाविद्यालय असलं की खासगी महाविद्यालयाला शुल्काचं आणि शिकवण्याचं भान राहतं. सांगली-कराड पट्ट्यात अनुदानित वालचंद आणि कराडच्या शासकीय महाविद्यालयाशी तुलना होते, म्हणून तिथल्या खासगी संस्थांनाही प्रयोगशाळा नीट ठेवाव्या लागल्या. खरी स्पर्धा हवी असेल तर स्पर्धेत एक भक्कम सरकारी खेळाडू लागतो. सीओईपी 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, चांगलं झालं. पण अशा संस्थांचं शुल्क खासगीच्या वाटेने जाऊ लागलं तर ही तुलनाच संपेल, म्हणून त्यांना अनुदान देताना सरकारने हात आखडता घेऊ नये.

तुमच्या थकलेल्या पगाराबद्दल एक व्यावहारिक सल्ला. एकट्याने पत्र लिहू नका. विभागातल्या सगळ्यांनी मिळून नेमणूकपत्र, विद्यापीठ मान्यतेचं पत्र आणि बँकेची पासबुकं एकत्र करा, आणि तंत्रशिक्षण सहसंचालक, विद्यापीठ आणि शुल्क नियामक प्राधिकरण अशा तिन्ही ठिकाणी एकच निवेदन द्या. प्राधिकरणाला देणं महत्त्वाचं, कारण संस्थेने तिथे पगाराचा जो खर्च दाखवला आहे त्याच्याशी तुमची पासबुकं ताडून पाहता येतात. संघटनेचे सदस्य नसाल तर आधी व्हा.

आता भावाबद्दल. शाखेच्या नावापेक्षा शिकवणारी माणसं बघा. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एआयसीटीईच्या नियमाने ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ असतं, त्यात शिक्षकांची यादी नावानिशी असते. हव्या त्या शाखेत किती जणांना विद्यापीठाची मान्यता आहे, किती जण त्याच विषयात शिकलेले आहेत आणि किती जण दोन वर्षांत बदलले, हे जुन्या याद्यांशी ताडून पाहा. ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकलं की दरमहा पीएफ भरला जातो का आणि किती जणांचा, हे बऱ्याचदा दिसतं. यादीत शंभर शिक्षक आणि पीएफ तीस जणांचा, असं असेल तर कारण विचारा. प्राधिकरणाने मंजूर केलेलं शुल्क त्यांच्या संकेतस्थळावर पाहा आणि त्यावर ‘डेव्हलपमेंट’, ‘ट्रेनिंग’ अशा नावाने काही मागितलं तर लेखी पावती मागा. प्लेसमेंटचा फ्लेक्स वाचताना सर्वांत मोठं पॅकेज सोडा, त्या शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली ते विचारा. स्थापत्य किंवा विद्युत शाखेत, चांगले शिक्षक असलेल्या महाविद्यालयात जागा मिळत असेल, तर शिक्षक नसलेल्या एआयच्या तुकडीपेक्षा मी ती घेईन, आणि माझ्या भाच्यालाही तेच सांगितलं आहे.

ऑप्शन फॉर्म भरताना एक लक्षात असू द्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती गोठते, पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. पहिल्या क्रमांकावर तेच महाविद्यालय टाका, जिथे तुम्ही दोघं एखाद्या कामाच्या दिवशी स्वतः जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलून आलात.